तारीख फिरवली का?

शिक्क्याच्या पोटातलं बारीक चाक – रबराचा पट्टा, त्यावर उलटे आकडे, शाईने काळे पडलेले – तिच्या अंगठ्याखाली होतं, आणि त्यावर चार दिसत होता. पाच दिसायला हवा होता. एकावर चार म्हणजे चौदा, आणि आज पंधरा. ती नुसती बघत राहिली. सव्वीस वर्षं रोज सकाळी पर्स खणात, चष्मा नाकावर आणि चाक एक घर पुढे, ह्या क्रमात कधी खंड पडला नव्हता... आज खिडकीबाहेर ग्रंथालयातले काका आधीच येऊन उभे होते, म्हणून तिने आधी खिडकी उघडली. एवढंच झालं.

समोर काकांनी दिलेला गठ्ठा होता. त्यावर ठसठशीत उमटलेलं – आवक, चौदा तारीख. दुसरी प्रत, तोच शिक्का मारलेली, काका पिशवीत घालून घेऊन गेलेसुद्धा. त्यांनी पाहिलं नव्हतं. उशीर झालेल्या कागदावरची तारीख कोण कशाला बघेल?

विद्यापीठात येणारा प्रत्येक कागद तिच्या खिडकीतून आत येई, म्हणून ती आवकताई. बाहेर जाणारा प्रत्येक कागद समोरच्या टेबलावरून जाई, म्हणून ते जावकदादा. दोन टेबलांमध्ये हात पोचेल एवढं अंतर. एकोणीस वर्षांत ते ना वाढलं ना कमी झालं. आणि दादा पहिल्यापासून विसराळू. रोज बसता बसता विचारायचे, “ताई, तारीख फिरवली का?” – ती “हो” म्हणाली की मग आपलं चाक फिरवायचे. कॅलेंडर त्यांच्या डोक्यावरच टांगलेलं होतं, पण त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

पंधरा दिवसांपूर्वी वरून एकशे बारा पाकिटं जावकला आली. खर्चाला कात्री लागणार हे वर्षभर ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते, तरी पाकिटं आली तेव्हा कुणाला खरं वाटेना. दादांनी आकडे घालायला सुरुवात केली – नाव, विभाग, जावक क्रमांक. त्रेचाळिसाव्या पाकिटावर त्यांचंच नाव होतं. तेही त्यांनी त्याच वळणदार अक्षरात नोंदवहीत चढवलं, बाजूला ठेवलं, एकशे बाराही पुरी केली, आणि मग ते एक उघडलं. ‘आपण अतिरिक्त ठरत असल्याने...’

“ताई,” ते म्हणाले, “भांडारातल्या जादा खुर्च्यांच्या यादीवर हाच शब्द होता की.”

ती हसली होती. हे तिला पक्कं आठवतं, की ती हसली होती. त्यानंतर आपण काय केलं... त्यानंतर तिच्या नावाचं एका ओळीचं पत्र निघालं. ‘जावकचे काम यापुढे आवक कर्मचाऱ्याने पाहावे.’ तिने त्याला क्रमांक दिला, फाइलला लावलं, आणि डबा खाल्ला.

घरी नणंदेचा फोन. “वहिनी, यादीत तुमचं नाव नाही ना? मग झालं तर.”

“झालं,” ती म्हणाली. त्या रात्री भाजी खारट झाली होती म्हणे. तिला कळलं नाही. तेव्हापासून तिला काहीच धड कळत नव्हतं. रडू येईल म्हणून ती दोनदा बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली, आणि रडू न येताच नळ बंद करून परत आली.

आणि काल. युनियनची हरकत चौदा तारखेला कचेरी बंद व्हायच्या आत पोचली, तर सुनावणी होईपर्यंत एकशे बारांपैकी कुणालाही काढता येणार नव्हतं. नाही पोचली, तर सोमवारपासून घरी. युनियनचे सेक्रेटरी म्हणजे ग्रंथालयात पुस्तकं बांधणारे काका. सह्यांचे कागद सुटे द्यायला त्यांचा जीव धजेना. मधलं एखादं पान गळालं तर? बसले शिवत. पाठीला कापडी पट्टी, मेणाचा दोरा, डिंक वाळेपर्यंत वजन... आणि पाच वाजून सात मिनिटांनी जिना चढून धापा टाकत खिडकीशी आले. पाचला खिडकी बंद होते. दादा लवकर गेले होते. तिने काचेतून काकांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली –

“उद्या या.”

मुद्दाम नाही. सव्वीस वर्षं पाचनंतर तोंडातून हे दोनच शब्द निघायचे, तसेच निघाले. काकांनी वादही घातला नाही. तेही तिथलेच; खिडकी बंद म्हणजे बंद, हे त्यांच्याही अंगात मुरलेलं. आज सकाळी म्हणाले, “उशिराचं तर उशिराचं, ताई. नोंद तरी होऊ द्या.” रागावले असते तर बरं झालं असतं.

तिने आवक नोंदवही उघडली. कालच्या शेवटच्या नोंदीखाली तिनेच ओढलेली लाल रेघ. नोंद आणि रेघ ह्यांच्यामध्ये एक ओळ मोकळी होती. ती नेहमीच एक ओळ मोकळी सोडायची, का कोण जाणे. कुणीतरी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तसं शिकवलं होतं. लाल रेघेच्या वर लिहिलं तर काल. खाली लिहिलं तर आज – मग काकांना गाठायचं, प्रत परत मागायची, शिक्क्यावर काट मारून सही करायची. ते अजून बागेपर्यंतच पोचले असतील. गुडघ्यांमुळे सावकाश चालतात.

मी विसरले की मला विसरायचं होतं? तिने बोटांकडे पाहिलं. बोटांना विचारून काय उपयोग होता.

दार करकरलं. दादा आले, पिशवी खुंटीला अडकवली, बसले. दोनच दिवस राहिले होते, तरी टेबल पुसून घेतलं. शिक्का हातात घेतला, अंगठा चाकावर ठेवला आणि तिच्याकडे न बघताच रोजच्यासारखं विचारलं,

“ताई, तारीख फिरवली का?”

तिने तोंड उघडलं. एकोणीस वर्षांचं “हो” जिभेवर तयार होतं, आणि ते बाहेर पडेना. पेनाचं टोक लाल रेघेच्या वर... वर की खाली... कागदाला टेकलं नव्हतं. भीती वाटत होती तिला – नोकरीची, सहीची, समोरच्या माणसाची – लहानपणी वाटायची तशी, पोटातून, भरभरून. पंधरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं. ते लगेच संपू नये म्हणून ती अगदी हळू श्वास घेत राहिली.

“ताई?” दादांनी मान वर केली. त्यांचा अंगठा चाकावर थांबला होता.