पाच रुपयांत वेरूळ

विदेशी माणूस बसस्टँडवर उतरला की आम्ही टॅक्सीवाले आधी त्याचे पाय बघायचो. चामडी बूट असले तर वेरूळचे दोनशे, कापडी असले तर दीडशे. चप्पल असली तर हिप्पी, त्याला रस्ता दाखवून मोकळं व्हायचं. सगळा हिशेब खालनं वर. तोंड बघायची गरज पडत नव्हती.

ब्याऐंशी सालच्या डिसेंबरात एका शुक्रवारी सकाळी जी बाई उतरली, तिच्या पायात टायरच्या वहाणा होत्या. कन्नडच्या बाजारात शेतकरी घेतात तसल्या, खिळे ठोकलेल्या. त्याचा भाव आमच्यापाशी नव्हता. म्हणून तोंड बघावं लागलं. साठीच्या पुढची, लाल चेहरा, पांढरे केस पोरासारखे बारीक कापलेले, पाठीला पिशवी.

"सांडू, इसका रेट बोल," रहीम म्हणला. रहीमची टॅक्सी माझ्या टॅक्सीच्या मागं लागायची. पंधरा वर्षं तो माझ्या मागंच होता, अन् त्याचं त्याला दुःख होतं.

मी पुढं झालो. "वेलकम मॅडम. वेरूळ, दौलताबाद, फुल डे. फॉर यू, ओन्ली दीडशे."

ती हसली अन् चक्क हिंदीत म्हणली, "सब लोग कितना?"

"म्हणजे?"

"सब लोग. यहाँ के लोग. कितना देता है?"

स्टँडवर माझी इज्जत होती. कुणाला बीबी का मकबऱ्याच्या नावाखाली पाणचक्की दाखवून आणायची कला फक्त मलाच होती. कैलास लेण्याचा तर इतिहासच मी माझ्या मनानं रचला होता. राजानं सासऱ्याशी पैज लावली, एका रात्रीत देऊळ बांधलं, सासरा लाजून जोगी झाला, असा. अर्ध्या युरोपात तो खरा म्हणून गेलाय. आता खरं सांगायचं तर मी कधी आत गेलोच नव्हतो. वीस वर्षं प्रवाशी आत सोडायचे अन् बाहेर लिंबाखाली पत्ते कुटायचे. आपल्याच गावचं, कुठं पळून जातंय.

तर ही बाई. नाव हिल्डा. व्हिएन्ना गावात तीस वर्षं ट्रामवर कंडक्टर होती, आता रिटायर. जगभर फिरायची इच्छा अन् पेन्शन चिमूटभर. म्हणून तिनं कायदा केलेला, फिरण्यावर रोजचे पाच रुपये. खाणं-राहणं वेगळं. गाडीभाड्याला पाच. पाचाच्या वर गेलं की मुक्कामातला शेवटचा एक दिवस कापायचा.

"चाळीस पैसे वर गेले तरी?" मी विचारलं.

"चाळीस पैसा भी. मैं कंडक्टर हूँ," ती म्हणली. "खुद को छोड़ेगी, तो बाकी को क्या बोलेगी?"

"म्हणजे तुमचा एक दिवस पाच रुपयाला."

"हाँ. और दिन बहुत अच्छा है यहाँ. एक भी नहीं देगी."

मी सगळ्यांच्या देखत हसलो. म्हणलं, पाच रुपयांत विदेशी माणूस वेरूळ बघून परत आला तर मी टॅक्सीवाला नाय. रहीमला एवढंच पाहिजे होतं.

"लगी शर्त?" तो म्हणला. "ये बाई पाँच में आई, तो एक महिना तू मेरी गाडी धोएगा. सबके सामने. नै आई, तो मैं तेरी."

"लागली. पण फुकट बसायचं नाय. कुणी दया केली, ट्रकवर घेतलं, ते चालणार नाय. तिकीट काढूनच. अन् मी संगं जाणार, साक्षीला."

टॅक्सी तिथंच लावली. हिल्डाबाई तोवर एस्टीच्या खिडकीपाशी भाड्याचा बोर्ड वाचीत होती. आपण बोर्ड कधी वाचतो का. ती बोट लावून वाचत होती. मग माझ्याकडं वळून म्हणली, "टप्पा क्या है?"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एस्टीचं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. तेव्हा टप्प्याला साठ पैसे होते. वेरूळ पाच टप्पे, म्हणजे तीन रुपये. जाऊन-येऊन सहा. मी मनातल्या मनात रहीमसाठी बादली भरायला लागलो.

तिनं खुलताबादचं तिकीट काढलं. चार टप्पे, दोन-चाळीस. "बाकी पैदल," म्हणली.

"अन् लेण्याचं तिकीट?"

"आज शुक्रवार. शुक्रवार को फ्री."

वीस वर्षं मी त्या फाटकावर उभा राहिलो, शुक्रवारी तिकीट नसतं हे मला ठाऊक नव्हतं. व्हिएन्नाच्या बाईला ठाऊक होतं.

खुलताबादला उतरलो. तिथनं डांबरी घाट उतरला की सरळ वेरूळ, तासाभराची चाल. एवढं सोपं होऊ द्यायचं असतं तर मी संगं काहून आलो असतो. म्हणलं, "बाई, शॉर्टकट है." अन् गुराच्या वाटेनं माळावर घातली तिला. माझा बेत साधा होता. काटेकुटे लागतील, ऊन लागेल, म्हातारी थकेल, मग मी एखादी जीप हुडकून देणार. मोठ्या मनानं.

अर्ध्या तासात माझ्याच चपलेचा अंगठा तुटला. टॅक्सीवाल्याचे पाय म्हणजे क्लच अन् ब्रेकचे पाय. बाई टायरच्या वहाणा वाजवीत पुढं अन् मी एक चप्पल हातात घेऊन मागं. शिवाय रस्ता मलाही माहीत नव्हता. माळ सगळा सारखाच, पिवळं गवत अन् बाभळी.

एक बाई शेळ्या चारत होती. साळूबाई नाव, तिनंच सांगितलं, न विचारता. "कुठं नेतोस रं म्हातारीला?"

"वेरूळला. शॉर्टकटनं."

"ह्या शॉर्टकटनं गेलास तर एकदमच खाली पोचशील. फुडं कडा हाय. हाताला धर तिच्या."

"तिला कशाला धरू, ती चांगली चालती."

"तिला नाय म्हणत. तिनं तुला धरावं."

हिल्डाबाईला भाषा कळली नाय, पण हसू आलं. दोघी मिळून हसल्या माझ्यावर. मी रागारागानं पुढं गेलो, दहा-वीस पावलं, अन् जमीन संपली.

पहिल्यांदा वाटलं, विहीर. एवढी मोठी विहीर कुणाच्या बापानं खांदली, असं म्हणून मी वाकलो. अन् विहिरीत देऊळ होतं.

कसं सांगू तुम्हाला. देवळाचा कळस माझ्या पायाच्या खाली होता. आपण जन्मभर देऊळ खालनं बघतो, मान मोडून. हे वरनं. छतावर दगडाचं भलं मोठं कमळ उमललेलं, त्याच्याभोवती चार सिंह, चारी अंगाला तोंडं करून उभे. ते कुणासाठी कोरले, खालच्या माणसाला तर दिसत नाहीत. पोपटांचा थवा उडत गेला, तो पण माझ्या खालनं. पोपटांची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. अन् पार तळाला, हरभऱ्याच्या दाण्याएवढी माणसं हिंडत होती.

मी काठावर बसलो. कड्याला हात लावला. छिन्नीचे घाव होते, बोटभर लांब, एकाखाली एक, एकाखाली एक, सगळ्या भिंतीवरनं सरळ तळापर्यंत. म्हणजे कुणीतरी इथंच बसला होता. मी बसलो तिथं. अन् त्यानं पहिला घाव घातला होता, खाली नुसता डोंगर असताना. आपण पाया घालतो अन् वर जातो. ह्यांनी कळसापासून सुरुवात केली, पाया शेवटी. चुकलं तर परत जोडायला दगड नाय. अन् तो पहिला घाव घालणारा, त्याला पक्कं ठाऊक असणार की तळाशी पोचेपर्यंत आपण जगत नाय. तरी त्यानं घातला.

"सांडू जी," हिल्डाबाई माझ्या शेजारी बसून म्हणली, "ये किसने बनाया?"

सासरा, पैज, एक रात्र, सगळं जिभेवर तयार होतं. वीस वर्षांची थाप ती, झोपेत पण म्हणून दाखवली असती. पण समोर ते होतं. माझी सगळ्यात मोठी थाप त्याच्यापुढं शेळीच्या लेंडीएवढी.

म्हणलं, "मालूम नहीं, बाई."

तिनं मान हलवली.

खाली उतरलो, आत गेलो. तिकीट नव्हतंच. अन् पुढं जे झालं त्याला जबाबदार मी. बाईनं दोनदा घड्याळ दाखवलं. परत घाट चढून खुलताबादला शेवटची बस गाठायची होती. पण मी हत्ती बघत होतो. खाली जोत्याला हत्ती आहेत, रांगेनं, सगळं देऊळ पाठीवर घेतल्यासारखे. मी एकेकाच्या पोटाला हात लावत फिरलो. वरनं खाली येत येत शेवटी हे हत्ती निघाले असतील दगडातनं, पण ते त्या पहिल्या माणसाच्या डोक्यात आधीपासून असणार. नाय तर एवढा दगड खाली शिल्लक ठेवला कशाला. हे डोक्यात आलं अन् मी परत पहिल्या हत्तीपासून सुरू केलं. रखवालदारानं शिट्टी मारली तेव्हा सावली पार कड्याच्या वर चढली होती.

बाहेर आलो तर वेरूळच्या थांब्यावर शेवटची बस घरघरत उभी. घाट चढून खुलताबादला जाईपर्यंत ती निघून गेली असती. म्हणजे इथनंच बसावं लागणार. पाच टप्पे, तीन रुपये. अन् बाईपाशी दोन-साठ.

मी जिंकलो होतो. काहीच न करता. नुसतं गप उभं राहायचं होतं.

हिल्डाबाईनं पिशवीत हात घातला अन् दुसरा बटवा काढला, उद्याचा. उघडायच्या आधी जरा थांबली. माझ्यावर चिडली नाय. एवढंच म्हणली, "ठीक है. एक दिन दिया. इसके लिए देगी."

हत्तींकडं बघून म्हणली ती. तिचा दिवस तिनं असा देऊन टाकला, अन् उशीर मी केला होता. मला रहीमची बादली दिसेनाशी झाली. मी म्हणलं, "बाई, बटवा ठेवा. चार टप्प्याचं काढा. पडेगाव."

"पडेगाव?"

"पडेगावला उतरायचं. फुडचा एक टप्पा पायी. आमच्याकडचे सगळे तसंच करतात."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं चोर चोराला बघतो. मग कंडक्टरपुढं दोन रुपये चाळीस पैसे धरले.

कंडक्टर मला ओळखत होता. "सांडूभाऊ, म्हातारीला पडेगावला काहून उतरवता? गाडी स्टँडलाच चाललीय."

"जेवायला नेतो घरी."

"वैनीला विचारलं का?"

"तिकीट फाड गपचिप."

पडेगावला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माझं घर रस्त्यावरच. आवडाबाई, माझी बायको, दारात उभी होती. तिनं गोरी बाई बघितली, माझ्या हातातली चप्पल बघितली.

"कुठं निघालात?"

"स्टँडवर."

"टॅक्सी कुठंय?"

"स्टँडवर."

"मग आलात कशाला इकडं?"

"चालायला," मी म्हणलं. खरंच होतं ते. आवडाबाईनं हिल्डाबाईला तांब्याभर पाणी दिलं अन् मला तिची जुनी चप्पल. ती घालून मी सहा किलोमीटर गेलो, छावणीतनं, लोकांच्या देखत.

स्टँडवर रहीम चहाच्या गाड्यापाशी बसला होता. मला बघून उठला. आधी चप्पल बघितली. आम्हा सगळ्यांची सवयच ती. मग हिल्डाबाईनं दोन्ही तिकिटं त्याच्यापुढं धरली, अन् वीस पैशाचं नाणं वर ठेवलं. त्यानं तिकिटं उजेडाला धरून बघितली.

"ये पडेगाव का आयडिया किसका?"

बाईनं माझ्याकडं बोट केलं.

रहीम माझ्याकडं वळला. "कायकू रे? तेरा दिमाग खराब हुआ क्या? जीत रहा था तू."

"उद्या किती वाजता गाडी आणतोस ते सांग," मी म्हणलं.

सकाळी सात वाजता मी त्याच्या टॅक्सीला पाणी मारत होतो. सगळं स्टँड जमलं होतं. कुणी म्हणे खालनं पण घास, कुणी म्हणे आरसा राहिला. रहीम बॉनेटपाशी स्टूल टाकून सुभेदारासारखा बसलेला. एवढ्यात हिल्डाबाई आली, पिशवी पाठीला, अजिंठ्याच्या बसच्या बाजूनं. बस तिच्यासमोर लागली होती. ती चढली नाय. आमच्याकडं आली.

"आज क्या बाई? जाना नहीं?" मी विचारलं.

"एक दिन है मेरे पास. कल बचाया." ती म्हणली. "ऊपर से फिर देखेगी. सुबह का धूप में."

"आज शनिवार. आज तिकीट लागेल."

"ऊपर से तिकीट नहीं," ती म्हणली.

ते मात्र खरं होतं. मी हात पुसले, कपडा बादलीत टाकला.

"ओय," रहीम म्हणला, "पीछे का काच कौन धोएगा?"

"तू पण चल."

"मैं? पैदल? मेरेकू दम लगता मियाँ."

"शेळ्यावाली धरंल तुला. ऊठ."

तो उठला नाय. आम्ही खुलताबादच्या बसमध्ये जाऊन बसलो. कंडक्टर यायच्या आधी खिडकीतनं बघितलं, तर रहीम टॅक्सीला कुलूप लावत होता.