मामाची गोळी, बाबांचं लोशन

यंदा मी वर्गात हात वर करायला शिकले, आणि एकदा वर गेलेला हात खाली येईना. विज्ञान प्रदर्शनात कोण भाग घेणार, असं बाईंनी पुरतं विचारायच्या आत मी उभी. विषय घरातच तयार होता: दोन टकलं.

एक मामाचं. मामा आमच्याच गल्लीत राहतो, रंगाचं दुकान चालवतो. त्याचं टक्कल मागून सुरू झालंय; आरशात दिसत नाही म्हणून कित्येक वर्षं त्याला ते मान्यच नव्हतं. दुसरं बाबांचं, कपाळावरून वर वर सरकलेलं. बाबा पंखे-फ्रिजच्या शोरूममध्ये होते. शोरूम बंद पडल्यापासून ते घरी असतात. म्हणजे, नुसते असतात. केस आले तर निदान मुलाखतीला तरी जातील, असं म्हणून आईने त्यांनाही मामाबरोबर त्वचेच्या डॉक्टरांकडे धाडलं. मी शेपटासारखी मागे.

डॉक्टरांनी छान समजावलं. गोळी घ्या की लोशन लावा, औषध दोन्हीत एकच, रस्ता वेगळा. गोळी रक्तातून अंगभर फिरते, म्हणून केस नको तिथेही उगवू शकतात, पाय सुजू शकतात, चक्कर येऊ शकते. लोशनचं काम बहुतेक लावलं तिथल्या तिथे, पण ते न कंटाळता रोज लावावं लागतं आणि टाळूला खाज सुटू शकते. बाबांचा रक्तदाब मुळातच कमी, त्यांना लोशन. मामाची तब्येत ठणठणीत आणि अंगात आळस, त्याला गोळी. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अशी जोडी शोधून सापडली नसती.

दर रविवारी मी दोघांना खिडकीशी बसवून फोटो काढायचे आणि प्रश्न विचारायचे. मामाची उत्तरं संपता संपायची नाहीत. सुरुवातीला केस उलट जास्तच गळले, तेव्हा म्हणाला, "तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं." मग त्याच्या कानांवर लव उगवली, त्यावर आई आठवडाभर हसली. पुढे टाळूवर खरंच बारीक केस दिसायला लागले, तर गिऱ्हाइकाला रंग दाखवायच्या आधी हा डोकं दाखवायचा.

बाबांचं काम सोपं. खाज? नाही. जळजळ? नाही. कोंडा? नाही. काहीच वाटत नाही? काहीच नाही, म्हणून ते खिडकीबाहेर बघायचे. बाटली मात्र हवी तेवढी बरोबर उतरायची. मी तक्त्यात लिहिलं: लोशन, त्रास शून्य, फायदा शून्य. गोळी जिंकत होती. मी भाषण पाठ करायला घेतलं.

शेवटचा फोटो जवळून घ्यावा म्हणून मी अगदी वाकले. त्या लोशनला स्पिरिटसारखा उग्र वास येतो. बाबांच्या डोक्याला कसलाच वास नव्हता. बोट फिरवलं तर टाळू कोरडी.

"बाबा, आज लावलं नाही?"

"नाही."

"आणि काल?"

 दूधवाला येऊन गेला हे सांगावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं, की ते रोज सकाळी ड्रॉपरमध्ये रेघेपर्यंत लोशन घेतात आणि बेसिनमध्ये सोडून देतात. पहिल्या दिवसापासून.

"मग मोजता कशाला?"

"तुझा प्रयोग बिघडू नये म्हणून."

"पण लावायचं का नाही?"

"हात वर जात नाही गं," बाबा म्हणाले. "दुखत वगैरे नाही. नुसता जात नाही."

मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. रागही आला नाही. कानांना दडे बसले की सगळं लांबून ऐकू येतं, तसं झालं. मी चप्पल घालून मामाच्या दुकानात गेले आणि त्याला सांगितलं. मामाने विनोद केला नाही. डब्याचं झाकण बंद करत म्हणाला, "दाजींचं हे केसांचं दुखणं नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडे. त्या भिंग घेऊन बाबांच्या डोक्याकडे वळल्या, तेवढ्यात मी म्हणाले, थांबा, आधी माझं ऐका. सगळं सांगितलं. त्यांनी भिंग ठेवलं आणि बाबांना झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, आपणहून बाहेर कधी गेला होता ते विचारलं. बाबांनी सगळ्याची उत्तरं दिली, एकाच सुरात. डॉक्टरांनी त्यांच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला.

प्रदर्शनात मी फक्त मामाचे फोटो लावले. परीक्षकांना म्हटलं, तुलना झाली नाही. लोशन लावलंच गेलं नाही, तर ते चालतं की नाही हे मी कशी सांगू? का लावलं नाही, असं त्यांनी विचारलं. रुग्ण आजारी होता, म्हटलं. आवाज कुठेही अडखळला नाही. नंबर आला नाही.

आज त्या नव्या डॉक्टरांकडे जायचंय. बाबांनी शर्ट घातलाय, पण बटणं एकेक घर चुकून लागलीत. मी ती काढून वरपासून पुन्हा लावली. ते नुसते उभे राहिले. खाली मामाने हॉर्न वाजवला. चला, मी म्हणाले, आणि बाबा घराची किल्ली शोधायला लागले.