ग्रॉन्याच्या नावाचा घोष

गुडघ्याचं लिगामेंट तुटलं त्या दिवशी मुक्ता रडली नाही. रडली ती दुसऱ्या दिवशी, हे वर्ष आता विसरायचं असं सर्जननं सांगितल्यावर. तिची आई नंदिनी आयर्लंडमधल्या नास गावच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होती. असे गुडघे तिनं टेबलावर कितीतरी पाहिले होते. पण हा गुडघा आपल्या मुलीचा, आणि त्या मुलीसाठी फुटबॉल म्हणजे काय हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मुक्ता नागपूरहून आली तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. बोलायला लागली तेव्हापासून ती अडखळायची. एखादं अक्षर तोंडात आलं की तिथंच घट्ट धरून बसायचं. डोळे मिटायचे, मान ताठ व्हायची, आणि समोरचा माणूस संकोचून आपल्या बुटांकडे बघायला लागायचा. स्पीच थेरपी झाली, फायदाही झाला, पण अडखळणं पुरतं गेलं नाही. शाळेत ती हात वर करायची नाही. मग गावातल्या क्लबात गेलिक फुटबॉल, हा तिथला देशी खेळ, खेळायला लागली आणि पोरीचा चेहराच बदलला. मैदानावर बोलावं लागत नाही. चेंडू छातीशी कवटाळायचा, पळायचं, हातानं किंवा पायानं पुढं द्यायचा. कॉलेजसाठी पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगोला गेल्यावर पहिल्याच वर्षी ती तिथल्या मुलींच्या टीममध्ये आली होती. आणि आता, दुसऱ्या वर्षी, हे.

"नुसती घरी पडून राहू नको," कोचनं तिला सांगितलं होतं. "मॅचला येत जा. आमच्याजवळ उभी राहा."

ती जायला लागली, कुबड्या घेऊन. आणि खेळताना कधी जाणवलं नव्हतं ते तिला काठावर उभं राहिल्यावर जाणवलं. मैदान गप्प होतं. माणसं नव्हती असं नाही. मैत्रिणी असायच्या, खेळाडूंचे आईबाप असायचे, कठड्याला टेकलेले गावातले म्हातारे असायचे. पण सगळे खिशात हात घालून उभे, जो तो स्वतःशी पुटपुटणारा. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज पार पलीकडे ऐकू जायचा. गोलकीपर ग्रॉन्या मॅकगावन ही मुक्ताची रूममेट. ती एकदा स्वयंपाकघरात चहा ढवळताना म्हणाली, "गोलमध्ये उभं राहिलं की मला फक्त माझा श्वास ऐकू येतो. कोणी आपल्यासाठी आलंय असं वाटतच नाही."

त्याच आठवड्यात मुक्तानं घरी फोन करून सांगितलं की ती आता प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेणार आहे.

"तू?" नंदिनीच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली.

मुक्ता मात्र हसली. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर यायचं ते इंग्रजीत, नासकडच्या, किल्डेर परगण्याच्या हेलात. "हो, मीच. गुडघा गेलाय, घसा आहे ना. आणि आई, सगळ्यांबरोबर एका तालात म्हणताना मी अडकत नाही. तुला माहितेय ते."

नंदिनीला माहीत होतं. डॉक्टर म्हणूनही आणि आई म्हणूनही. पण बरोबर म्हणणारे मिळेपर्यंत सुरुवात एकटीनंच करायची असते, हे तिनं बोलून दाखवलं नाही.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. विद्यार्थी संघानं चार ओळींचं यमकाचं गाणं छापून त्याचे कागद वाटले. लोकांनी ते हसून घेतले, थँक्स म्हटलं, आणि ओल्या बाकांवर पसरून त्यांवर बसले. मुक्ता आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून चारही ओळी म्हणाल्या. वाऱ्यानं त्या समुद्राकडे नेल्या. एका म्हाताऱ्यानं सहानुभूतीनं टाळ्या वाजवल्या, ते तर फारच लागलं.

"आयरिश माणसाला पहिलं व्हायची लाज वाटते," मुक्ता फोनवर म्हणाली. "दुसरं व्हायलाही वाटते. दहावा व्हायला तो तयार असतो."

"मग आता?"

"मी आपल्या गणपतीचा विचार करतेय."

नासच्या कम्युनिटी हॉलमध्ये दरवर्षी मराठी मंडळी गणपती बसवत. तिथं मुक्तानं लहानपणापासून पाहिलेलं होतं की आरती पाठ असणारे थोडेच. तिचे बाबा, विलास, जवळच्या लिक्सलिपला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनियर. ते तर कडवं चालू असताना नुसते ओठ हलवत टाळ्या वाजवायचे. पण ध्रुवपद आलं की हॉल दणाणायचा, आणि सगळ्यांत वरचा आवाज बाबांचा.

"बाबांना कोणी शिकवलं नव्हतं," ती म्हणाली. "त्यांना येत होतं तेवढंच त्यांच्या वाट्याला आलं, म्हणून ते ओरडले. लोकांना नवीन काही द्यायचंच नाही, आई. जे त्यांना आधीच येतं ते मागायचं."

इतकी वर्षं नंदिनीही त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवत होती, पण हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

लोकांना काय येतं ते मुक्तानं शोधून काढलं. त्या भागात माणसाला आडनावावरून ओळखतात. अमकीचा आजा कुठं राहायचा, तमकीच्या काकाचं दुकान कुठं होतं, हे कठड्यावरच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ. तेव्हा ठरलं ते असं: मुक्ता खेळाडूचं पहिलं नाव पुकारणार, आणि लोकांनी आडनावानं उत्तर द्यायचं. बस, तेवढंच. मैत्रिणींना तिनं एका ठिकाणी घोळक्यानं उभं राहू दिलं नाही. कोणी गवताच्या उतारावर, कोणी चहाच्या टपरीजवळ, कोणी पाहुण्या कॉलेजच्या लोकांना लागून. म्हणजे आवाज चहूकडून यावा आणि कोणालाच आपण पहिले आहोत असं वाटू नये. मायकल-जो नावाचे एक निवृत्त पोस्टमन होते, दर मॅचला यायचे. त्यांच्याकडे ती स्वतः कुबड्या टेकत गेली. विनंती करायला तिला बराच वेळ लागला, आणि ते तो सगळा वेळ बुटांकडे न बघता तिच्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मॅकगावन म्हणायला मला सांगायची गरज नाही, पोरी. त्यांच्या घरी मी जन्मभर पत्रं टाकलीत."

नाताळनंतरच्या दोन सामन्यांत थोडं जमलं, थोडं फिसकटलं. मग फेब्रुवारीत कॉलेजांच्या स्पर्धेचा उपांत्य सामना स्लायगोलाच ठरला. विलासची शिफ्ट बदलेना, म्हणून नंदिनी एकटीच गाडी घेऊन सकाळी निघाली.

आभाळ स्वच्छ होतं आणि वारा सुरीसारखा. मुक्ताच्या कुबड्या सुटल्या होत्या, पण ती अजून जरा जपून चालत होती. तिनं आईला मिठी मारली, गरम चहाचा कप हातात दिला आणि मायकल-जोंच्या शेजारी कठड्याशी उभं केलं. "तुझं काम एवढंच," ती म्हणाली, "शेजाऱ्याबरोबर म्हणायचं." आणि ती स्टँडच्या पायऱ्यांवर चढून गेली. माईक नाही, भोंगा नाही. पायानं पत्र्याच्या फळीवर ठोका धरला, दोन सावकाश आणि एक जोरात, आणि पहिलं नाव पुकारलं.

उत्तर आलं ते विस्कळीत. थोडे इकडून, थोडे तिकडून. दुसऱ्या नावाला जरा बरं. मुक्ता घाई करत नव्हती. चेंडू आपल्या खेळाडूच्या हातात येईपर्यंत ती थांबायची, आणि नेमकं तेव्हाच त्या मुलीचं नाव घ्यायची, म्हणजे लोक ज्या मुलीकडे बघतायत तिचंच आडनाव त्यांच्या तोंडात यायचं. चेंडू पलीकडच्यांकडे गेला की गप्प. नंदिनीला वाटलं, ऑपरेशन चालू असताना मॉनिटरवरची नजर न काढणारी माणसं अशीच असतात. आपली मुलगी मॅच बघत नव्हती, ती गर्दी बघत होती. कोण तोंड उघडतंय, कोण नुसतं हसतंय, कोणाला अजून थोडा धीर हवाय.

अर्धी मॅच झाली तोवर उतारावरची पोरं पायानं ठोका धरायला लागली होती. एक गुण मिळाला, अंपायरनं पांढरं निशाण हलवलं आणि जो आवाज उठला त्यानं नंदिनी चमकली. त्यात तिचाही होता.

मग ते झालं. मॅच संपायला थोडाच अवधी होता, दोन्ही बाजू बरोबरीत. पाहुण्यांच्या मुलीनं उंच टाकलेला चेंडू वाऱ्यानं वळला. तो ग्रॉन्यानं धरलाही होता. पण ओल्या हातमोज्यांतून निसटला आणि तिच्या मागं जाऊन पडला. गोल. एका झटक्यात तीन गुण. ग्रॉन्या गुडघ्यांवर बसली, तोंड हातांत.

मैदान पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं. मायकल-जोंनी हात खिशात घातले. कुणीतरी मागं हळूच एक शिवी दिली, ती ग्रॉन्याला होती की वाऱ्याला, कळलं नाही.

पत्र्यावर ठोका पडला. दोन सावकाश, एक जोरात. सगळ्यांनी वर पाहिलं. मुक्तानं श्वास घेतला, तोंड उघडलं आणि पहिलंच अक्षर अडकलं.

नंदिनीनं ते लांबूनच ओळखलं. मान ताठ झाली, डोळे मिटले. ग्रॉन्याचं नाव, त्यातलं ते जड जोडाक्षर. तालावर म्हणूनही आज ते सुटत नव्हतं. नंदिनीच्या जिभेवर अख्खं नाव तयार होतं. आयुष्यभर तिनं असेच शब्द पुरे करून दिले होते, दुकानात, शाळेत, पाहुण्यांसमोर. तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात मायकल-जोंनी वर न बघता, अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "तिचं तिला म्हणू द्या, मॅडम."

नंदिनीनं ओठ मिटले.

सगळं मैदान थांबलं होतं. कोणी हसलं नाही. कोणी बुटांकडे बघितलं नाही. आणि मुक्ताही पळाली नाही. तोंड झाकलं नाही, दुसरं सोपं नाव घेतलं नाही, खाली बसली नाही. सगळ्यांच्या देखत ती त्या अक्षराशी उभी राहिली. पाय मात्र ठोका देत राहिला. दोन सावकाश, एक जोरात. हळूहळू उतारावरच्यांचे पाय त्यात मिसळले, मग स्टँडमधल्यांचे. आणि एका ठोक्यावर तिची मान सैल झाली आणि नाव बाहेर आलं, स्वच्छ, लांबवलेलं, मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला पोचणारं.

"ग्रॉन्या—"

"मॅकगावन."

हा आवाज आधीच्या कुठल्याच आवाजासारखा नव्हता. म्हातारे, पोरं, चहावाली बाई, सगळे. नंदिनीच्या शेजारी मायकल-जोंची टोपी त्या जोरानं मागं सरकली. पाहुण्यांकडचेही दोघे-तिघे म्हणाले, चुकून असेल किंवा मुद्दाम असेल. मुक्तानं पुन्हा पुकारलं, पुन्हा तेच उत्तर. ग्रॉन्या उठली. हातमोजे जर्सीला पुसले, चेंडू खाली ठेवला आणि पायानं असा लांब मारला की तो मध्यरेषेच्या पलीकडे जाऊन पडला.

त्यानंतर त्यांनी एकामागून एक दोन गुण मिळवले. तिसरा मिळाला नाही. शेवटच्या क्षणी मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला आणि हूटर वाजला. एका गुणानं हरले.

पण लोक गेले नाहीत. मुली रडत, एकमेकींना धरून बाहेर येत होत्या, आणि स्टँडवरून आता मुक्ताशिवायच एकेक नाव पुकारलं जात होतं. बदली खेळाडूंचीही. प्रत्येक नावाला उत्तर मिळत होतं. मुक्ता खालच्या पायरीवर गुडघा लांब करून बसली होती. ग्रॉन्या थेट तिच्याकडे आली, चिखलासकट तिच्या शेजारी बसली.

पाहुण्या कॉलेजची कोच जाता जाता थांबली. हे कसं केलंत, असं तिनं विचारलं. मुक्तानं तिला समजावून सांगितलं. सांगताना दोनदा अडकली, दोन्ही वेळा थांबून पुढं गेली. नंदिनी थोड्या अंतरावर उभी राहून ऐकत होती. आपण हिला जन्म दिला, वाढवलं, हिचे शब्द निस्तरले, आणि एवढं सगळं हिच्यात होतं, हे आपल्याला आज परक्या माणसांच्या गर्दीत उभं राहून कळावं, याचं तिला नवल वाटत होतं. वाईट वाटत नव्हतं. ऊर भरून आला होता.

"थकलीस?" कोच गेल्यावर तिनं विचारलं.

"ग्रँड आहे मी," मुक्ता म्हणाली; तिकडे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक. मग जरा थांबून, "त्या वेळी मला वाटलं, संपलं. म्हटलं, आता सगळे हसणार. मग मी विचार केला, ग्रॉन्या तिकडं जमिनीवर बसलीय. तिचं नाव तिलाच हवंय. मी दुसऱ्या कोणाचं कसं घेऊ?"

नंदिनीनं मुलीच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या हिवाळ्यात मुक्ता पुन्हा मैदानात उतरली आणि स्टँडवर दुसऱ्या दोन मुली उभ्या राहायला लागल्या. मुक्तानंच त्यांना सप्टेंबरभर तयार केलं होतं. पण ते पुढचं. त्या सामन्यानंतरच्या सोमवारी नंदिनी नासला कामावर गेली तेव्हा तिचा घसा पार बसला होता. पहिला पेशंट हर्नियाचा, वयस्क शेतकरी. भूल देण्याआधी तिला त्याला नाव विचारायचं होतं, आणि आवाजच फुटेना. तो काळजीनं म्हणाला, "डॉक्टर, तुम्हालाच बरं नाही की काय?"

"फुटबॉल," ती खरखरत्या आवाजात म्हणाली.

"कोण जिंकलं?"

नंदिनीनं मास्क वर ओढला. "ते," ती म्हणाली. "पण आमचा आवाज मोठा होता."