उलट्या तारेची साखळी

मावशी गेली तेव्हा तिची चांदीची साखळी अर्धीच झाली होती. हाताने दागिने घडवणाऱ्यांच्या तिच्या मंडळात एक जुना रिवाज होता. गेलेल्याचं कामाचं बाक, म्हणजे मंडळातली त्याची जागा, हवी असेल, तर आधी त्याचं राहिलेलं काम पुरं करायचं. जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, ते सभासदांना भिंगातूनही दिसता कामा नये. मग करणाऱ्याने ती जागा स्वतः बोट ठेवून दाखवायची. ही दुसरी अट नुसती नावाला होती. आपलं काम आपल्यालाच ओळखू येणार नाही, असं कधी होतं का?

भाचीला ते खिडकीखालचं बाक हवंच होतं. रसायनशास्त्र शिकून ती या कामात शिरली, म्हणून घरी आधीच आकाशपाताळ एक झालं होतं. पण खरी भीती वेगळी होती. मावशीच्या कोपरांनी गुळगुळीत झालेल्या त्या लाकडाशी उद्या कुणीतरी परकं बसलं असतं.

अडचण एकच. मावशी डावखुरी. कड्या कापण्याआधी ती सळईवर तार उलटी गुंडाळायची, त्यामुळे तिच्या प्रत्येक कडीचा सांधा डावीकडे कललेला असे. भाचीचे सांधे उजवीकडे कलत. तिने हट्टाने उलटी तार गुंडाळायला हात बसवला. आणि आपल्या पहिल्या कडीच्या आतल्या अंगाला सुईने बारीक फुली ओरखडून ठेवली. प्रयोगशाळेची सवय, नमुन्यावर खूण हवीच.

एका दुपारी बोलण्याच्या नादात तिने तार सरळच गुंडाळली.

"अगं, उलटी ना?" शेजारच्या बाकावरची कर्णफुलंवाली काकू ओरडली.

"गेली मेहनत पाण्यात!" म्हणत भाची सळई तशीच टाकून चहा आणायला उठली. परत येऊन बघते, तर तार उलटी गुंडाळलेली.

"काकू, तुम्ही केलंत?"

"मी? मला माझंच निस्तरता येईना! आणि काय गं, कप डाव्या हातात कधीपासून धरायला लागलीस?"

भाचीने कप खाली ठेवला. हाताला सवय लागते, तिने स्वतःला समजावलं. आपणच उलटी गुंडाळली असेल. समजूत काही पटली नाही, पण काम तिने थांबवलं नाही.

निवाड्याच्या दिवशी मंडळाच्या थोरल्या बाईंनी भिंग लावून साखळी बोटांतून सरकवली. मग काकूने. मग तारकामवाल्या आजोबांनी. खोट काढल्याशिवाय त्यांना एरवी घास उतरत नसे.

"छे," आजोबा म्हणाले. "ही पोरगी मावशीला कोळून प्यायलीय!"

सगळे हसले. थोरल्या बाईंनी भिंग पुढे केलं. "आता तू दाखव."

भाचीने मधल्या कड्या पाहिल्या. फुली नव्हती. ती मागे मागे सरकत गेली. फुली सापडली ती अगदी टोकाला, आकड्याला लागून असलेल्या कडीत. ती कडी मावशीने आजारी पडण्याआधी, या सगळ्यांच्या देखत घडवली होती. फुली मात्र भाचीचीच होती, एक पाय जरासा लांब.

मधल्या कुठल्याही कडीवर बोट ठेवलं असतं, तरी कुणाला कळणार होतं? बाक पदरात पडलं असतं. तिने बोट उचललं. ते डाव्या हाताचं होतं. तिने ते परत मिटलं.

"मला सापडत नाही," ती म्हणाली.

हसू विरलं. थोरल्या बाई साखळीकडे नाही, खिडकीखाली बघत होत्या.

"मग बाक देता येणार नाही, बाळ. तुझं काम उणं आहे म्हणून नाही. जागा अजून रिकामी झालेली नाही."

"मग... मी जाऊ?"

"जातेस कुठे? स्टूल घे. मावशीच्या उजव्या अंगाला बस, म्हणजे तिचं डावं कोपर लागणार नाही."

भाचीने स्टूल ओढलं, आणि बाकापासून थोडं अंतर सोडून ठेवलं.