मी वळणावर अडकत होतो

मित्रांनो, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पिवळट पडलेला एक डबा धूळ खात उभा आहे ना, तो मी. जुना संगणक. घरात मला सगळे कॉम्प्युटरच म्हणतात. माझी कहाणी आनंदाची नाही, आणि तिच्यात माझाही थोडा दोष आहे. तो मी लपवणार नाही.

माझा जन्म १९९९ साली शिवाजी पेठेतल्या एका दुकानात झाला. जन्म कसला, जुळवाजुळव! डबा एकीकडचा, आतले भाग दुसरीकडचे, कीबोर्ड तिसरीकडचा. यल्लाप्पांनी मला गोधडीत गुंडाळून, आपल्या टेम्पोत दुधाच्या कॅनांच्या मधोमध बसवून मंगळवार पेठेतल्या घरी आणले. ते रोज राधानगरीकडून दूध शहरात आणायचे. त्यांची मुलगी दीक्षा माझ्यावर टायपिंग शिकली. मुलगा प्रसेनजीत मात्र गाड्यांचा गेम खेळायचा. त्या गेममध्ये शर्यत लावलीच पाहिजे असे नव्हते. शहर, घाट, समुद्रकाठ, वाट्टेल तिकडे गाडी न्यावी. पोरे खिडकीतून डोकावून म्हणायची, "काय मशीन हाय राव." मला ते ऐकायला फार आवडायचे. कौतुक कोणाला नको असते?

२००५ च्या पावसाळ्यात यल्लाप्पांचा टेम्पो राधानगरी रस्त्यावरच्या एका वळणावरून खाली गेला. शेजारी प्रसेनजीत बसला होता. यल्लाप्पा वाचले. तो वाचला नाही. बारावीत होता.

पोलिसांना यल्लाप्पांनी सांगितले, "मी चाळीसनं येत हुतो. ब्रेक लागलाच न्हाय." टेम्पोचा पार चेंदामेंदा झाला होता, तपासायला काही उरले नव्हते. त्या ब्रेकचे काम आठच दिवसांपूर्वी पिराजी मिस्त्रींनी केले होते. पिराजी म्हणजे यल्लाप्पांचे वीस वर्षांचे दोस्त. ही गोष्ट पेठेत पसरली. पिराजींच्या गॅरेजकडे गाड्या फिरकेनात. वर्षभरात त्यांनी हत्यारे विकली आणि ते रस्त्याच्या कामावर खडी टाकायला जाऊ लागले. यल्लाप्पांनी पुन्हा गाडीला हात लावला नाही. त्यांच्या बायकोने, मीनाबाईंनी, माझ्यावर जुने लुगडे टाकले.

२००७ साली दीक्षाला एका दुकानात तोच गेम दिसला. नव्याने सजवून पुन्हा बाजारात आणलेला. भावाची आठवण म्हणून तिने ती सीडी घरी आणली. रस्ते तेच होते, पण आता झाडांच्या सावल्या हलायच्या आणि घाटात धो धो पाऊस पडायचा. माझ्या म्हाताऱ्या जिवाला ते झेपणार कसे? पाऊस सुरू झाला की चित्र रखडायचे, आवाज घोगरा व्हायचा आणि घाटातल्या एका उजव्या वळणावर मी हमखास हँग व्हायचो. दीक्षाने दोनदा खेळून नाद सोडला.

यल्लाप्पांनी सोडला नाही. दुपारचे जेवण झाले की ते माझ्यापुढे बसायचे. घाट चढायचे. वळण आले की मी अडकायचो. ते बटण दाबून मला बंद करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. असे कित्येक महिने चालले.

"अवो, सारखं बंद पडतंय की ते. कशाला बसताय?" मीनाबाई विचारायच्या.

"बगू दे. एकदा तरी वळण पार हुतंय का, बगू दे."

मित्रांनो, मी अडकलो की लोक मला शिव्या घालतात, टपल्या मारतात. यल्लाप्पांनी कधीच मारली नाही. मी अडकलो की ते मोठा श्वास सोडून खुर्चीला टेकायचे. सुटल्यासारखे दिसायचे. तेव्हा मला कळले की यांना ते वळण पार करायचेच नाही. ते माझ्या बिघाडाआड लपत होते. मी मुद्दाम अडकत नव्हतो. पण इतक्या दिवसांनी कोणीतरी माझ्याजवळ रोज बसत होते, म्हणून आपण दुरुस्त व्हावे असे मलाही वाटत नव्हते. हाच माझा दोष.

दीक्षाला यातले काही माहीत नव्हते. वडिलांना बरे वाटावे म्हणून तिने आधी गेममधला पाऊस बंद केला. मी सुरळीत चाललो, आणि यल्लाप्पा तिच्यावरच चिडले. "पाऊस कुठं गेला? पावसाबिगार काय उपेग?" मग ती काम करायची त्या टायपिंगच्या दुकानातल्या मोडीत काढलेल्या मशीनची रॅम तिने मला बसवली, माझी एक बाजू उघडी ठेवली आणि समोर टेबलफॅन लावला. त्या रविवारी भर पावसात मी एकदाही अडकलो नाही.

यल्लाप्पांनी चाळीसच्या वेगाने वळण घेतले. गाडी सहज पार झाली. ते माघारी फिरले आणि पुन्हा चाळीसनेच गेले. पुन्हा पार. तिसऱ्या वेळी त्यांनी वेग सत्तरवर नेला, आणि गाडी कठडा तोडून दरीत गेली.

त्यांनी कीबोर्डवरचे हात काढले. "असंच झालं," ते म्हणाले.

"काय झालं, पप्पा?"

"ब्रेक चांगला हुता. मी सत्तरनं हुतो. प्रसेनजीत म्हणाला, पप्पा, जरा पळवा की, गेममदल्यागत. मी पळवला."

आत मीनाबाईंच्या हातातली भांडी थांबली. मग दीक्षा म्हणाली, "पिराजीकाका वरीसभर झालं खडी टाकाय जात्यात. त्येन्ला जाऊन सांगा."

ते लगेच गेले. दिवे लागायच्या वेळी परत आले आणि चप्पल न काढताच खुर्चीवर बसले.

"काय म्हणालं काका?"

"म्हणाला, यल्लाप्पा, दोन वर्षं मी रोज त्यो ब्रेक मनात खोलतोय आनि परत बसवतोय. कुठला नट ढिला ऱ्हायला, त्येच हुडकतोय. पोरास्नी बी सांगून बसलोय, माझ्याच हातनं झालं म्हणून."

"मग?"

"मग दार लावून घेतलं त्यानं."

दुसऱ्या दिवशी यल्लाप्पा पोलिसांकडे जाऊन खरे काय ते सांगून आले. मला त्यानंतर कोणी सुरू केले नाही. पिराजींनीही गॅरेज पुन्हा उघडले नाही. लोक बोलवायला गेले होते, पण आता हात चालत नाहीत, असे म्हणून त्यांनी सगळ्यांना परत पाठवले.

मित्रांनो, माझी धूळ झटका असे मी म्हणणार नाही. मला खुशाल भंगारात द्या. पण तुमच्या चुकीचे ओझे दुसरे कोणी वाहत असेल, तर आजच त्याच्या घरी जा आणि सांगा. मला दुसऱ्या मशीनची रॅम चालली. पिराजींचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला, तो मात्र कुठूनही आणून बसवता आला नाही.