सात थेंबांचा बाबा

पंचायतीच्या अंगणात त्या सकाळी बावीस ट्रे मांडले होते. काळ्या प्लास्टिकच्या खळग्यांतून भांगेची बोटभर रोपं उभी होती. पाच दिवसांपूर्वी हीच रोपं पिवळी पडून माना टाकून बसलेली सगळ्या गावाने पाहिली होती. आता पानं हिरवी, दांडे ताठ. बायका हात जोडून उभ्या होत्या, पुरुषांनी चपला काढल्या होत्या. मधोमध पाटावर बाबा बसला होता.

"मी काही केलं नाही," बाबा डोळे मिटून म्हणाला. "पाजणारी देवी वर बसलीय. मी नुसता चमचा."

या चमच्याने आठवडाभरात निम्म्या गावाचं तूप चाटूनपुसून संपवलं होतं, ते जाऊ द्या.

उपाय सोपा होता. प्रत्येक ट्रेवर धुनीची चिमूटभर राख, रोज पहाटे कमंडलूतले सात थेंब, आणि कडक व्रत: दुसरं कसलंही पाणी रोपांना लावायचं नाही. ज्यांची रोपं तरीही मेली, त्यांच्या घरात पाप होतं. अशी चार घरं निघाली. ती चार घरं त्या सकाळी भिंतीकडेला, खाली मान घालून उभी होती.

गढवालच्या डोंगरात, पौडीच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात भांग आजवर कुणी वाढवली नव्हती. ती आपली आपण वाढायची. गोठ्यामागे मूठभर बी फेकायचं, विसरून जायचं, कार्तिकात सोललं की दोरही मिळतो आणि चटणीला बीही. यंदा मात्र महिला गटाला सरकारी परवाना मिळाला, बिननशेच्या जातीचं बी बाहेरून आलं, आणि रानडुकरांच्या भीतीने ते ट्रेमध्ये पेरायचं ठरलं. शेतीखात्याचा साहेब जाताना सांगून गेला, "लेकरासारखं सांभाळा." बायकांनी ते शब्दशः घेतलं. लेकरू म्हटलं की सकाळी पाजायचं, दुपारी पाजायचं, निजताना आणखी एकदा. आठ दिवसांत ट्रेमधून चिखल गळायला लागला. मीसुद्धा त्यांतलीच. सरकारी आरोग्यसेविका, 'आशा', म्हणून घरोघर शहाणपण सांगत फिरणारी मी, सुरमा रावत, माझाही ट्रे तसाच बुडवून बसले होते.

पण मला मधेच चार दिवस पोलिओच्या ड्यूटीवर जावं लागलं. घराला कुलूप. परत आले तर माझी रोपं उभी. ना राख, ना थेंब. मी मातीत बोट घातलं. वरून कोरडी, आत जराशी ओल. कोडं तिथेच सुटलं. मुळांना श्वास मिळाला होता, एवढंच.

म्हणून त्या सकाळी मी माझा ट्रे अंगणात नेऊन ठेवला. "याला बाबांनी हातही लावलेला नाही. पाणी थांबलं म्हणून रोपं वाचली. सगळ्यांचीच त्यामुळे वाचली."

बाबा हसला. "बेटी, अर्घ्य न देणाऱ्याच्या अंगणातही ऊन पडतंच ना?"

लोक खूश झाले. "दीदी, कृपा झालीय तुझ्यावर, तर निदान नमस्कार तरी कर," असं म्हणून प्रधानाने, म्हणजे गावच्या सरपंचाने, मलाच बाजूला केलं. मी माझा ट्रे उचलून घरी निघाले. आणि त्याच दिवसापासून लोक ट्रे सोडून आपापली दुखणी घेऊन पाटासमोर बसू लागले.

तीन दिवसांनी सतेश्वरी बोडीच्या दारावरून जात होते. बोडी म्हणजे नात्याने माझी मोठी काकू. तिचा मुलगा आणि सून देहरादूनला हॉटेलात कामाला, दोन वर्षांची नात मनी तिच्या ओटीत. आतून रडणं ऐकू आलं, पण ते रडणं मला आवडलं नाही. फार बारीक होतं.

मनी चटईवर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, रडताना डोळ्यांत पाणी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू खाली बसली.

"कधीपासून जुलाब?"

"काल सकाळपासून. बाबांचे थेंब चालू आहेत," बोडी म्हणाली. "तीन दिवस दुसरं पाणी नाही, दूध नाही. आज दुसरा."

मी पिशवीतून ओआरएसची पुडी काढली, तशी बोडीने माझा हात धरला. "नको गं. व्रत मोडेल. रोपं मरायला टेकली होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाणी तोडलं आणि उठली. हिचं काही झालं तर सुनेला काय तोंड दाखवू?"

तिच्या डोळ्यांत हट्ट नव्हता, भीती होती. मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडून हा हात सुटणार नव्हता.

खिडकीत तिचा ट्रे होता. रोपांनी पुन्हा माना टाकल्या होत्या.

"हे कधी झालं?"

"कालपासून. कुणीतरी विटाळ केला असेल."

"बोडी, तो ट्रे उचल जरा."

तिने उचलला. एका हाताने उचलला आणि स्वतःच थबकली.

"बाबाकडे पहिल्यांदा नेलास तेव्हा वजनाला कसा होता?"

"जड होता गं. दोन हातांनी नेला, तरी कमरेत कळ आली."

"तेव्हा रोपं पाण्यात बुडत होती. आता तहानली आहेत. मान दोन्ही वेळा खालीच जाते. बुडालेल्याचं पाणी तोडलं तर तो वाचतो. तहानलेल्याचं तोडलं तर?"

बोडीने ट्रे खाली ठेवला.

"आता मनीला उचल."

ही पोर ती रोज कडेवर घेऊन शेतात जात होती. तिने उचललं, छातीशी धरलं, आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"हलकी झालीय गं," ती म्हणाली. आणि माझ्या हातातली पुडी तिनेच दातांनी फोडली.

चमच्याचमच्याने पाजत आम्ही जीपने खाली दवाखान्यात गेलो. दोन दिवस सलाइन लागलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर त्यांच्याही हातात काही उरलं नसतं. मी हे बोडीला अजून सांगितलेलं नाही.

परतले तेव्हा मोटाररस्त्यावर बाबा बोचकं घेऊन उभा होता. पलीकडच्या खोऱ्यातून त्याला बोलावणं आलं होतं. आसपास कुणी नाही बघून मी सरळ विचारलं, "तुला ठाऊक होतं ना, रोपं कशाने उठली ते?"

त्याने खांदे उडवले. "खाली मैदानात नर्सरीत अकरा वर्षं राबलोय. पाणी जास्त झालेलं रोप लांबून ओळखतो."

"आणि लेकरांचं?"

"लेकरांचं मला काय कळतंय?" तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला. मग जीप आली, ड्रायव्हरने त्याच्या पाया पडून त्याला पुढची सीट दिली.

मी त्या खोऱ्यातल्या आशाला फोन केला. ती म्हणाली, "इथे हार तयार आहेत दीदी, माझं कोण ऐकणार?" मीही हेच अनुभवलं होतं.

तिला शेवटी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. बाबाशी भांडू नका, त्यात तोच जिंकतो. समोरच्या माणसाच्या हातात ट्रे द्या. मातीत बोट घालायला लावा. काय जास्त झालंय, काय कमी पडलंय, हे त्यालाच तपासू द्या. रोप वाचलं म्हणजे सांगणाऱ्याला सगळंच कळतं, असं होत नाही. आणि लेकरू आजारी असेल तर आधी त्याला पाणी पाजा, दवाखान्यात न्या. नमस्कार मागाहून केला तरी चालतो.