वाऱ्याआड

ज्या वस्तीत वारा क्षणभर थांबत नाही, तिला पूर्वजांनी 'वाऱ्याआड' हे नाव का दिलं असेल, हे कोडं ओडीलला दोन वर्षं सुटलं नव्हतं.

सरकारी नकाशावर वस्तीचं नाव होतं फोर्ट टॅव्हिस. टॅव्हिस म्हणजे इथे कातड्यांचा व्यापार करायला आलेल्या पहिल्या साहेबाचा सासरा. म्हातारी माणसं नुसतं 'दुकान' म्हणत. ते टॅव्हिस काढून इथल्या मूळच्या दने लोकांच्या भाषेतलं नाव लागावं म्हणून शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ओडीलने दोन वर्षं पत्रं लिहिली होती. 'वाऱ्याआड' हे मूळ नाव सापडलं तेही त्याच साहेबाच्या रोजनिशीत. आज दुपारच्या विमानाने अर्ज जायचा होता, फक्त वस्तीच्या चीफची सही बाकी होती. नकाशा एकदा छापला की पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

उच्चार नीट लिहून घ्यायला ती फिलोमेनमावशीकडे गेली. मावशी दाराबाहेर मूस हरणाचं कातडं खरवडत होती.

"मावशी, 'वाऱ्याआड' जरा सावकाश म्हण."

मावशी म्हणाली. ओडीलने उतरवून घेतलं.

"आणि ही जागा कुठपर्यंत धरायची?"

"त्या खडकामागे."

"कुठल्या?"

"दाखवला की."

"कधी?"

मावशीने हात थांबवला. "कागदात डोकं घातलंस तर माझे ओठ कसे दिसणार तुला? का तूही आता बोटं नाचवणाऱ्यांतली झालीस?"

ओडीलने मान वर केली. मावशीने इथल्या जुन्या माणसांच्या रीतीने पुन्हा ओठ पुढे काढून दिशा दाखवली, थेट सरोवराच्या पलीकडे. तिकडे काळ्या खडकामागे पाणी अगदी निवांत होतं. इकडे कातड्याची कड फडफडत होती.

"साहेबही लिहीतच असणार," ओडील हळूच म्हणाली.

"आजी सांगायची. नाव विचारलं आणि लगेच मान खाली. त्याची बोट इथे लागायची ना, पाणी खोल म्हणून. त्याला वाटलं, हेच वाऱ्याआड."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"जागा तू आज विचारलीस."

ओडीलने हातातल्या अर्जाकडे पाहिलं. उद्या वादळात सापडलेलं एखादं पोर नकाशा बघून आडोशाला म्हणून इथेच आलं असतं, उघड्या काठावर.

"मग या काठाला काय म्हणायचे?"

"इथे राहायचं कोण? होड्या नेताना म्हणायचे, 'थांबू नको'."

"हे नाव की ताकीद?"

"ताकीद नसेल तर नाव कशाला लक्षात ठेवायचं?"

"अडीचशे माणसांचं गाव, आणि नाव 'थांबू नको'. चीफला काय सांगू?"

"सांग, आपण ऐकलं नाही." मावशी पुन्हा कातड्याकडे वळली.

ओडीलने अर्ज गुडघ्यावर ठेवला. वस्तीच्या रकान्यातलं 'वाऱ्याआड' खोडून तिथे 'थांबू नको' लिहिलं. खाली वेगळी ओळ आखून काळा खडक टिपला आणि त्याचं नाव त्याला परत दिलं. मग सहीसाठी ती वाऱ्याविरुद्ध, कागद छातीशी धरून, चीफच्या घराकडे निघाली.